भोपळ्याच्या आतलं अक्षर

ऑफिसच्या प्रमुख बेडेकर मॅडमनी मैथिली सुतारला एक पान लिहायला सांगितलं होतं. एकच. “दुसऱ्या पानावर गेलीस, तर तुझं अजून ठरलेलं नाही असं मी समजेन,” असंही वर बजावलं होतं. प्रश्न एका ओळीचा होता. ‘मागोवा’नं समाजमाध्यमांवरच्या नोंदी शोधात घ्यायच्या, की फक्त ब्लॉगच ठेवायचे?

‘मागोवा’ म्हणजे मराठी ब्लॉगांमध्ये शोध घेणारं इंजिन. त्याचं ऑफिस सांगली-मिरज रस्त्यावर, बी-बियाण्यांच्या एका दुकानाच्या वर होतं. मेथीचं बी मागायला आलेलं गिऱ्हाईक कधीकधी जिना चुकून वर यायचं, अकरा माणसं पडद्यांकडे बघत गप्प बसलेली पाहायचं, आणि हे काहीतरी सरकारी काम दिसतंय अशा समजुतीनं हात जोडून खाली जायचं. मैथिलीला इथे येऊन दोन वर्षं झाली होती. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून ती पुण्याला जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. ती मिरजेच्या घरून डबा घेऊन रोज सव्वानऊच्या बसनं इथे येत होती.

अडचण अशी होती, की ब्लॉग आटत चालले होते. ‘मागोवा’च्या नोंदीत एक्केचाळीस हजार ब्लॉग होते आणि त्यांतल्या सव्वीस हजारांवर गेल्या तीन वर्षांत एक ओळही पडली नव्हती. इरफान मुजावर मैथिलीच्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि इंजिनाचा अर्धाअधिक भाग त्यानंच बांधला होता. तो म्हणायचा, की ब्लॉग लिहिणारी पिढी आता गुडघ्यांना तेल लावत बसली आहे. बाकीचा महाराष्ट्र जिथे आपली चार माणसं असतील तिथे चार ओळी टाकतो आणि कामाला लागतो. दोन वर्षांपूर्वी नवा नियम आला होता. मोठ्या समाजमाध्यमांनी, सर्वांना दिसतील अशा ठेवलेल्या नोंदी लहान शोध-इंजिनांनाही द्यायच्या. ‘मागोवा’नं सहा महिन्यांसाठी अशा सहा कोटी मराठी नोंदी चाचणीपुरत्या आत घेतल्या. त्या बाहेर कुणाला दिसत नव्हत्या. चाचणीचे प्रश्न टाकायचे, उत्तरं तपासायची आणि टिपायची हे काम मैथिलीचं. त्याचे नियमही तिनंच टाईप करून भिंतीला लावले होते. त्यातला चौथा असा होता: चाचणीत आपल्या ओळखीच्या माणसांचा शोध घेऊ नये.

हे इंजिन शब्द जुळवत नसे. ते मजकुराचा अर्थ मोजत असे. तंबोऱ्याची एक तार छेडली की कानाला एकच सूर ऐकू येतो, पण यंत्रातून पाहिलं तर त्यात तीस-चाळीस बारीक सूर कमीजास्त जोरानं वाजत असतात. त्या प्रत्येकाचा जोर एका ओळीत लिहून काढला, तर आकड्यांची ती ओळ म्हणजे त्या आवाजाचा पत्ता. ‘मागोवा’ मजकुराचं तेच करायचं. प्रत्येक परिच्छेदाचे एक हजार चोवीस आकडे काढायचे आणि त्या आकड्यांवरून एका अफाट नकाशावर त्याचा ठिपका ठेवायचा. सारख्या अर्थाचे ठिपके जवळ, वेगळ्या अर्थाचे लांब. प्रश्न विचारला की प्रश्नाचाही ठिपका पडतो आणि त्याचे शेजारी म्हणजे उत्तरं. तुम्ही ‘सर्दी’ म्हणालात आणि लिहिणारीनं ‘पडसं’ म्हटलं असलं, तरी गाठ पडते.

एक्केचाळीस हजार ब्लॉगांच्या वेळी हा नकाशा माळरानासारखा होता. एका घराहून दुसरं घर कोसभर. सहा कोटी नोंदी आल्यावर तिथे पेठ झाली. भिंतीला भिंत लागली.

इरफानचा आवडता पुरावा चाचणी क्रमांक त्र्याण्णव हा होता. प्रश्न: टाळू फाटलेल्या तान्ह्या बाळाला दूध कसं पाजायचं? ब्लॉगांमधून तीन उत्तरं आली. एक दुवा मेलेला, दोन ठिकाणी ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’. समाजमाध्यमांमधून उदगीरजवळची एक बाई सापडली. आपल्या मुलाला तिनं कोणत्या कोनात धरलं, किती घोटांनी थांबली, नाकातून दूध आलं तेव्हा काय केलं, हे तिनं पंधरा दिवस रोज लिहून ठेवलं होतं. “हे उत्तर आपण लपवून ठेवायचं?” इरफान विचारायचा. गुरुवारी पान द्यायचं होतं आणि आदल्या शुक्रवारपर्यंत मैथिलीचं जवळपास ठरलेलं होतं. घ्यायच्या.

त्याच शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, तिनं चौथा नियम मोडला.

मैथिलीचे वडील, वसंत सुतार, मिरजेत तंबोरे बनवत. घराच्या पुढच्या खोलीत कारखाना होता. आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, कोपऱ्यात सरसाचं भांडं. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत आणि बाजारातही. त्या घराची एक पद्धत होती. भोपळ्यावर तबली, म्हणजे पुढची लाकडी फळी, चिकटवण्याआधी आप्पा भोपळ्याच्या आतल्या बाजूला सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं त्या दिवशी घरात काय शिजलं ते लिहीत. ‘आमटी-भात.’ ‘मेथी.’ ‘पिठलं, खारट.’ मग सरस लावून तबली बसवली की ते अक्षर बंद. वाद्य फुटेपर्यंत कुणाला दिसणार नाही. ही पद्धत आप्पांच्या वडिलांनी पाडली होती. आप्पा लहानपणी अक्षरं गिरवताना चुकायचे आणि चिडून पाटी फोडायचे. तेव्हा वडील म्हणाले, इथं आत लिही, चुकलं तरी जगाला दिसत नाही.

आप्पांचा मोठा मुलगा हेरंब. मैथिलीचा दादा. बोटांत कसब होतं, पण हात सावकाश. तो एकोणीस वर्षांचा असताना धारवाडहून एक गवई दोन शिष्यांसह तंबोरा घ्यायला आले. हेरंब जवारी लावत होता. तार घोडीला जिथे टेकते तिथे घोडी कानसेनं किंचित घासायची आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत अशी जागा शोधायची, की तार नुसती वाजत नाही, गुणगुणत राहते. ती जवारी. केसभर चुकली तरी सूर मुका होतो. हेरंबची चुकत होती किंवा अजून जमायची होती. आप्पांनी त्या तिघांसमोर त्याच्या हातातून कानस काढून घेतली, दोन हात मारले आणि म्हणाले, “याला अजून पाच वर्षं लागतील.” मनात काही नव्हतं. आप्पांना चुकीची जवारी ऐकवत नसे, दुखऱ्या दाढेवर गार पाणी पडल्यासारखं व्हायचं त्यांना.

दुसऱ्या दिवशी हेरंब गेला. आईच्या पिठाच्या डब्याखाली चिठ्ठी होती. मी ठीक असेन, शोधू नका. त्याला अकरा वर्षं झाली. वर्षातून एकदा, कधी इथून तर कधी तिथून, आईला कोरं पोस्टकार्ड यायचं. नुसता पत्ता लिहिलेला. जिवंत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तर शुक्रवारी मैथिलीनं डबा उघडला. त्यात घेवड्याची भाजी होती. आणि शेंगेकडे बघता बघता तिनं प्रश्न टाईप केला: वाद्य बंद करण्याआधी आतल्या बाजूला घरातलं जेवण लिहून ठेवणारा माणूस.

ब्लॉगांमध्ये काही नव्हतं. सहा कोटी नोंदींमध्ये पहिलाच शेजारी इतका जवळ होता, की तिला आधी यंत्र बिघडल्यासारखं वाटलं.

“आज तबली बसवली. बसवण्याआधी आत लिहिलं, घेवडा. माझी जुनी सवय. दोरा कुठं धरायचा ते सोबतच्या आवाजात ऐका, घाई करू नका.”

नोंद ‘तारेचा कट्टा’ नावाच्या पानावर होती. लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव दिलं नव्हतं. पानावरची माणसं त्याला ‘मास्तर’ म्हणत. गाव नव्हतं, फोटो नव्हता. तंबोऱ्याचे आणि सतारीचे भाग, छोटे छोटे आवाज आणि त्याखाली चौदा शिकणाऱ्यांचे प्रश्न. पान सर्वांना दिसेल असं ठेवलेलं होतं, कारण त्या चौदांतल्या काही जणांना खातं उघडायचं नव्हतं.

मैथिलीनं भाकरी तशीच ठेवली आणि हिशेब मांडला. ती घाबरली की हेच करायची. वाद्यं जुळवणारी माणसं दहा हजारांत एक धरू. कुणाला दिसणार नाही अशा जागी रोजचं जेवण लिहिणारी माणसंही दहा हजारांत एक. दोन्ही एकत्र असणारा माणूस दहा कोटींत एक. सगळे मराठी बोलणारे मोजले तरी जेमतेम एकटा उरतो. नाव लपवून काही उपयोग नसतो. माणूस नावानं नाही, दोन दुर्मिळ सवयी एकमेकींना छेदतात तिथे सापडतो. एरवी हे तिला वर्गात शिकवलेलं उदाहरण वाटलं असतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं त्यातला माणूस ओळखला.

रविवारी सकाळी ती ते पान घरच्या टॅबवर उघडून पुढच्या खोलीत गेली. तिचा विचार एवढाच होता, की आईला आणि आप्पांना दाखवावं, दादा बरा आहे, तंबोरेच करतोय, कुणीतरी त्याला मास्तर म्हणतंय. त्याला कळवायचं की नाही ते मग तिघं बसून ठरवतील.

आप्पांनी चष्मा पुसला. ओळ वाचली. ‘घेवडा’ या शब्दावर बोट ठेवून थोडा वेळ बसले. मग त्यांनी आवाज लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा टॅब कानाशी धरून. जवारी चुकली की पडायची ती आठी त्यांच्या कपाळावर पडली. मैथिली आईला हाक मारायला आत गेली. आई मागच्या दारी वाटाणे सोलत होती. तिला आधी खरंच वाटेना, मग पदरात वाटाणे तसेच घेऊन ती उठली. यात दोन मिनिटं गेली असतील.

त्या दोन मिनिटांत आप्पांनी आपलं रोजचं काम केलं. गावोगावची गिऱ्हाइकं त्यांना तंबोऱ्याचे आवाज पाठवत आणि आप्पा माईकचं चिन्ह दाबून तोंडी उत्तर देत. टॅब त्याचं लिखाण करायचा. शेवटी नाव आणि गाव सांगायची त्यांची शिस्त होती, कारण मिरजेचा शब्द म्हटला की माणूस ऐकतो. मैथिली परत आली तेव्हा हेरंबच्या नोंदीखाली, चौदा जणांच्या प्रश्नांच्या रांगेत, नवी ओळ दिसत होती.

“दोरा मागं राहिलाय. केसभर पुढं घे. अकरा वर्षांत एवढंही आलं नाही होय रे. वसंत सुतार, मिरज.”

“आप्पा, हे काय केलंत?”

“सांगितलं त्याला. हुशार हाय, ध्यानात येईल.”

“हे सगळ्यांना दिसतं.”

आप्पांना ते कळेना. त्यांच्या लेखी ते हेरंबशी बोलले होते. समोर दुसरं कोण होतं? मैथिलीनं ओळ पुसली. पुसायला तिला चाळीस सेकंद लागले. तेवढ्यात खाली तीन उत्तरं आली होती. एकानं विचारलं होतं: मास्तर, तुम्ही मिरजेच्या वसंत सुतारांचे का? दुसऱ्यानं नुसतं हसू टाकलं होतं. तिसऱ्यानं विचारलं होतं, मग आजवर शिकवलेला दोरा चुकीचा होता का.

आई वाटाणे घेऊन उभीच होती. ती म्हणाली, “तुम्हाला पहिल्यांदा ‘कसा आहेस’ विचारता आलं नसतं?”

आप्पा म्हणाले, “विचारणारच होतो. आधी जवारी.”

मैथिलीनं हेरंबला खासगी निरोप लिहिला. चूक तिची आहे, शोध तिनं घेतला, हे सगळ्यांना दिसतं ते आप्पांना कळलं नाही, वगैरे. लिहिताना तिच्या लक्षात आलं, की आप्पांची चूक आणि तिची चूक एकच आहे. दिसतंय म्हणजे ते आपल्यासाठी आहे, असं दोघांनीही धरलं होतं. उत्तर मंगळवारी आलं.

“मैथे, तू शोधलंस याचा राग नाही. आईला सांग, मी जेवतो. पण तिथं चौदा जण होते. मी त्यांना दोरा दाखवत होतो. परत तेच झालं.”

बुधवारी ‘तारेचा कट्टा’ नावाचं पान नव्हतं. त्यावरचे चार वर्षांचे आवाज नव्हते. निरोप पाठवायची वाटही त्याबरोबर गेली. इंजिनाच्या नकाशात मात्र ठिपका अजून होता. चाचणीची प्रत महिन्यातून एकदाच ताजी व्हायची. हेरंबनं जे जगातून काढून घेतलं होतं, ते बियाण्याच्या दुकानाच्या वर आणखी तीन आठवडे तसंच राहणार होतं. आणि मैथिलीच्या हातात आणखी एक गोष्ट होती, ती तिनं कुणालाच सांगितली नाही. त्या चौदांतल्या ज्यांची खाती होती, त्यांच्या नोंदीही सहा कोटींत होत्या. त्यांच्यावरून हेरंबचं गाव काढायला तिला फार तर एक दुपार लागली असती. आई रोज संध्याकाळी तिच्या तोंडाकडे बघायची.

मैथिलीनं ते गाव काढलं नाही. बुधवारची दुपार तिनं पान लिहिण्यात घालवली.

गुरुवारी सकाळी अकराला मॅडमच्या टेबलाभोवती तिघं बसले. मॅडम साठीच्या, आधी ग्रंथपाल होत्या. कागद वाचताना पेन्सिल कानामागे ठेवत. पान एकच होतं. वरच्या अर्ध्या भागात नोंदींच्या बाजूचं सगळं होतं, त्र्याण्णव क्रमांकासकट, आकडे कुठेही मऊ न करता. खालच्या अर्ध्या भागात चाचणी क्रमांक दोनशे सतरा होती. शोधणारी व्यक्ती: मी. शोधलेली व्यक्ती: माझा भाऊ. लागलेला वेळ: तीन सेकंद. परिणाम: चौदा शिकणाऱ्यांची शाळा बंद.

“चौथा नियम माहीत होता?” मॅडमनी विचारलं.

“मीच टाईप केलाय तो.”

मॅडमनी पेन्सिल काढली, परत ठेवली. इरफाननं पान दोनदा वाचलं. त्याला वाईट वाटलं होतं, पण मुद्दा सोडणाऱ्यांतला तो नव्हता. तो म्हणाला, की पान सर्वांसाठी उघडं होतं, त्यानं स्वतः उघडं ठेवलं होतं. दार उघडं ठेवलं तर वारा आत येणारच.

मैथिली म्हणाली, “आमच्या गल्लीत सगळी दारं दिवसभर उघडी असतात. म्हणून कुणी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण काढत नाही.”

“आणि उदगीरची बाई? तिच्या पातेल्यात एका बाळाचा जीव आहे.”

हे मैथिलीनं रात्रंदिवस उलटून पाहिलं होतं. ब्लॉग लिहिणारा माणूस फळा लावतो. येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं म्हणूनच लावतो, अनोळखी वाचक धरूनच वाक्य लिहितो. समाजमाध्यमावरचा माणूस पारावर बसून बोलतो. बाजूनं जाणाऱ्याला ऐकू आलं तर त्याची हरकत नसते, पण तो पारावरच्यांशी बोलत असतो. दोघांचं बोलणं एका नकाशावर ठेवलं की पारावरचं प्रत्येक वाक्य फळ्यावर जातं आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण पारावर कधीकधी असं काही बोललं जातं, जे कुठल्याच फळ्यावर नसतं. इरफानचं तेवढं खरंच होतं.

“म्हणून शेवटची ओळ बघा,” ती म्हणाली.

शेवटची ओळ अशी होती. नोंदी घ्याव्यात, पण दाखवू नयेत. शोधणाऱ्याला इंजिनानं फक्त एवढं सांगावं, की कुणाकडे तरी उत्तर असावं. आणि लिहिणाऱ्याला निरोप द्यावा: तुमच्या या नोंदीसारखं कुणीतरी विचारतंय, दाखवू का? त्यानं हो म्हटलं तर नोंद त्या शोधापुरती दिसेल. नाही म्हटलं किंवा उत्तरच दिलं नाही, तर नोंद नव्हतीच असं समजायचं. माणसं शोधणारे प्रश्न इंजिनानं पुढं पाठवूच नयेत.

“लोक थांबणार नाहीत,” इरफान म्हणाला. “तीन सेकंदांत उत्तर लागतं लोकांना. तू त्यांना पोस्टमन देतेयस.”

“दार ठोठावणं देतेय.”

मॅडमनी पान उलटून मागं काही नाही ना ते पाहिलं. मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. हा प्रकार तीन महिने करून बघायचा आणि तो इरफाननं बांधायचा, कारण ज्याला पटलेलं नाही तोच त्यातली भोकं शोधेल. आणि मैथिलीनं तीन महिने चाचणीच्या यंत्राला हात लावायचा नाही. पहिली गोष्ट ऐकून इरफान कुरकुरला. दुसरी ऐकून मैथिलीला बरं वाटलं, ते तिनं दाखवलं नाही.

जुनी प्रत पुसण्याचं काम मात्र तिलाच करू दिलं. सहा कोटी ठिपके पुसायला अकरा मिनिटं लागली. हेरंबचा त्यात कितवा होता ते कळायची सोय नव्हती.

नव्या प्रकाराचे आकडे इरफाननं प्रामाणिकपणे भिंतीवर लावले. शंभर निरोपांमागे चौतीस होकार, अकरा नकार, बाकीचे मुके. शोधणाऱ्यांपैकी निम्मे न थांबता निघून गेले. उदगीरच्या बाईनं नवव्या मिनिटाला हो म्हटलं आणि वर विचारलं, बाळ कुणाचं आहे, किती दिवसांचं, मी बोलू का त्यांच्याशी. त्या दिवशी इरफाननं खालच्या दुकानातून सगळ्यांना भुईमुगाच्या शेंगा आणल्या. कारण सांगितलं नाही.

फेब्रुवारीत मिरजेच्या घरी एक लांबलचक खोकं आलं. आप्पांनी सुतळी कापली, गवत बाजूला केलं. आत तंबोरा होता. मैथिली ऑफिसला निघाली होती. ती चप्पल घातलेल्या पायांनी उंबऱ्यातच थांबली. भोपळ्यावरची कोरलेली पानं तिला ओळखीची वाटली. पाचव्या पानाचं टोक उलट वळलेलं. आप्पा तसंच वळवत आणि का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

सोबत बडोद्याच्या एका दुकानाची कामाची पावती होती. छापील रकाने: वाद्य, तक्रार, केलेलं काम, परत पाठवण्याचा पत्ता. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, “जवारी तपासून द्यावी.” पत्ता पूर्ण होता. इमारत, मजला, पिन कोडसकट. आईनं पावती हातात घेतली, अक्षर पाहिलं, आणि ती खाली भुशातच बसली. अकरा वर्षं त्याच अक्षरात फक्त स्वतःच्या घराचा पत्ता वाचला होता तिनं.

आप्पांनी तंबोरा मांडीवर घेतला. खुंट्या पिळल्या, मणी सरकवले. तारा लागल्यावर त्यांनी चारही एकामागून एक छेडल्या आणि डोळे मिटले. खोली भरली. आढ्याला टांगलेले भोपळेही बारीक घुमायला लागले. मैथिलीनं वाकून घोडीकडे पाहिलं. दोरा मागंच होता. केसभरही पुढं घेतलेला नव्हता.

आप्पांनी पुन्हा छेडल्या. पुन्हा. कपाळावर आठी आली नाही. उजव्या हातानं त्यांनी सवयीनं कानस उचलली होती. ती त्यांच्या लक्षात आली तशी त्यांनी ती सावकाश, आवाज न करता, पाटावर ठेवून दिली.

“त्या टॅबवर असं वाजलं नव्हतं,” ते म्हणाले.

मैथिलीनं सांगितलं, की फोनवर आवाज पाठवताना यंत्र तो आवळतं, आणि आवळताना वरचे बारीक सूर आधी गाळतं. जवारी त्या बारीक सुरांतच असते. तिथे ऐकून कुणालाच कळलं नसतं.

“मग त्याला का नाही सांगितलंस, की आप्पाला जवारी कळली नव्हती?”

“तुम्ही सांगा की. पत्ता आहे.”

आईनं डोळे पुसले आणि तबलीवर तळवा ठेवून विचारलं, आत काय लिहिलं असेल? मैथिलीच्याही मनात तेच होतं. तबली उचलायची तर सरस तोडावा लागणार होता. आप्पांना ते अर्ध्या तासाचं काम, परत चिकटवलं की कुणाला कळलंही नसतं.

“जेवला असंल काहीतरी,” आप्पा म्हणाले. “ऱ्हाऊ दे झाकलेलं.”

मग त्यांनी कानामागची चपटी पेन्सिल काढली आणि पावती गुडघ्यावर घेतली. ‘केलेलं काम’ या रकान्यापाशी ते बराच वेळ थांबले. मैथिलीची सव्वानऊची बस गेली. शेवटी त्यांनी मोठ्या, जाड अक्षरात एक ओळ लिहिली, आणि खाली नाव-गाव घालायला सरसावलेला हात मागं घेऊन पावती तशीच मैथिलीकडे दिली.

“जवारी बरोबर आहे. हात लावलेला नाही.”